राजाचं निशाण आणि राजाचा पालक: आल्वारो नून्येस दे लाराचं प्रकरण (कास्तील, 1208–1218)

6 जून 1217 रोजी कास्तीलचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या एका राज्याचा, राजा एन्रिके पहिला पालेन्सियाच्या बिशपच्या वाड्यात मरण पावला. वय वर्षं 13. बरोबरीच्या मुलांशी खेळताना त्याच्या डोक्यावर कौल पडलं होतं, त्यातून तो उठला नाही. त्या दिवशी राज्यातला सगळ्यात बलाढ्य माणूस होता काउंट आल्वारो नून्येस दे लारा. राजाचं निशाण वाहण्याचा मान त्याच्याकडे होता, राजाचं पालकत्व त्याच्याकडे होतं, आणि मोक्याचे किल्ले त्याच्याच माणसांच्या ताब्यात होते. त्यानं मृत्यूची बातमी दाबली आणि प्रेत तारिएगोच्या गढीत नेऊन ठेवलं. चार महिन्यांच्या आत तो स्वतः कैदेत पडला. पुढच्या वर्षी तो मेला, तेव्हा शव नेण्यापुरता आणि मेणबत्त्यांपुरताही पैसा मागे उरला नव्हता, असं नंतरची एक बखर सांगते.

इतकं सगळं हाती असलेला माणूस इतक्या लवकर कसा संपला? त्याच्या महत्त्वाकांक्षेवर बोट ठेवून हा प्रश्न मिटवण्याची इतिहासकारांना सवय आहे. महत्त्वाकांक्षा होतीच, पण ती त्या काळी कुठल्या सरदाराला नव्हती? माझ्या मते उत्तर त्याच्या पदात आहे. आल्फेरेस, म्हणजे राजाचा निशाणदार, या पदाचं बळ नेमकं कुठून यायचं आणि कुठे संपायचं, हे या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचित दिसतं.

पद

लेओन-कास्तीलच्या जुन्या लॅटिन सनदांमध्ये या माणसाला राजाचा शस्त्रवाहक म्हटलं आहे. अकराव्या शतकापर्यंत हे बहुधा तरुण सरदारपुत्राचं काम असायचं: राजाची शस्त्रं सांभाळायची, त्याच्याजवळ राहायचं, लढाईत निशाण धरायचं. एल सिद या नावानं गाजलेला रोद्रिगो दियास यानं सांचो दुसऱ्याच्या दोन लढायांत राजाचं निशाण धरलं होतं, असं त्याचं लॅटिन चरित्र सांगतं. बाराव्या शतकात मात्र पदाचं वजन खूप वाढलं. दरबारात राजाखाली दोन मोठे मानकरी: घरकारभार आणि महसूल पाहणारा मायोर्दोमो, आणि फौजेचा आल्फेरेस.

हे वजन सनदांवर अक्षरशः रेखलेलं आहे. आल्फोन्सो आठव्याच्या काळापासून कास्तीलच्या महत्त्वाच्या सनदांच्या खाली एक चक्र काढलेलं असे. मधोमध क्रूस, त्याभोवती राजाचं नाव, आणि त्याच्याही बाहेरच्या कड्यात फक्त दोघांची साक्ष: मायोर्दोमो आणि आल्फेरेस. बाकीचे बिशप आणि सरदार बाजूच्या रकान्यांत, ओळीनं. त्यामुळे आज एखाद्या वर्षी दरबारात कोणाचं चालत होतं हे पाहायचं, तर अभ्यासक आधी त्या कड्याकडे बघतो.

कामाची सविस्तर यादी मिळते ती आल्फोन्सो दहाव्याच्या दरबारात तयार झालेल्या 'सिएते पार्तिदास' या कायदेग्रंथात, दुसऱ्या भागाच्या नवव्या प्रकरणात. लढाईत निशाण धरायचं. राजा हजर नसेल तर फौज चालवायची. बड्या सरदारांना राजानं दिलेली शिक्षा अमलात आणायची. खानदानी विधवा आणि पोरक्या मुलांच्या बाजूनं बोलणारं कोणी नसेल, तर त्यांची बाजू मांडायची. हा मजकूर आपल्या प्रकरणाच्या जवळजवळ अर्ध्या शतकानंतरचा आहे आणि त्यात वर्णनापेक्षा आदर्श जास्त आहे. तरीही पोरक्यांचा कैवार हे निशाणदाराच्या कामात धरलं जायचं, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. हा कायदा लिहिणाऱ्यांच्या आजोबांच्या पिढीनं एका पोरक्या राजाचं काय झालं ते पाहिलं होतं.

पद वंशपरंपरेचं नव्हतं. राजाची मर्जी असेल तोवर ते टिके. पण मर्जी फिरून फिरून ठरावीक घरांतच जायची. आल्फोन्सो आठव्याच्या कारकिर्दीत ते मुख्यतः दोन घराण्यांत हेलकावत राहिलं: बिस्काया हाती असलेलं आरो घराणं आणि जुन्या कास्तीलमधलं लारा घराणं. दिएगो लोपेस दे आरो बराच काळ आल्फेरेस होता. मध्ये फेर्नांदो नून्येस दे लारा, मग पुन्हा दिएगो, आणि 1208 पासून फेर्नांदोचा भाऊ आल्वारो. एकाला फार चढू द्यायचं नाही, दुसऱ्याला फार रुसू द्यायचं नाही, असा राजाचा हिशेब असावा. दोन्ही घरांत सोयरीकही होती. आल्वारोची बायको उर्राका ही याच दिएगोची मुलगी.

निशाण रणात काय करतं

जुलै 1195 मध्ये आलार्कोसला अल्मोहादांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिका आणि दक्षिण स्पेनवर राज्य करणाऱ्या मुसलमान राजवटीच्या, फौजेनं आल्फोन्सो आठव्याचा साफ पराभव केला. राजा तोलेदोकडे निसटला. आल्फेरेस दिएगो लोपेस मागे राहिला आणि आलार्कोसच्या अर्धवट बांधलेल्या किल्ल्यात शिरला. शत्रूच्या छावणीत पेद्रो फेर्नांदेस दे कास्त्रो हा कास्तीलमधूनच फुटलेला सरदार होता. त्याच्यामार्फत बोलणी झाली, ओलीस दिले गेले आणि दिएगो बाहेर पडला. पुढे त्याच्यावर बोटं उठली. राजा रण सोडून गेला आणि निशाणदार मागे उरला, अशा वेळी निशाणदारानं काय करायचं असतं? मरायचं की वाटाघाट करायची? दिएगोनं दुसरा मार्ग धरला, आणि पद काही वर्षं त्याच्याकडेच राहिलं, म्हणजे राजाची फार तक्रार नसावी.

सतरा वर्षांनी, 16 जुलै 1212 ला, लास नावास दे तोलोसाला त्याची भरपाई झाली. बिनीवर तोच दिएगो, आता म्हातारा. मधल्या फळीत आल्वारोचा भाऊ गोन्सालो आणि लष्करी धर्मसंघांचे स्वार. डावीकडे आरागोनचा पेद्रो दुसरा, उजवीकडे नाबार्राचा सांचो सातवा. पिछाडीला खुद्द आल्फोन्सो आठवा, त्याच्याजवळ तोलेदोचा आर्चबिशप रोद्रिगो हिमेनेस दे रादा, आणि राजाचं निशाण घेऊन आल्वारो. निशाणावर मेरीची प्रतिमा होती, असं रादानं स्वतः लिहून ठेवलं आहे.

निशाण पिछाडीला का? कारण ते राजाजवळच असायला हवं, आणि ते पुढे सरकलं याचा अर्थ राजा पुढे सरकला. बिनी दमली, मधली फळी डगमगली, आणि काही निशाणं मागे फिरताना दिसली. नंतरच्या एका बखरीत इथे एक किस्सा येतो. मागे येणारं निशाण दिएगोचंच आहे असं राजाला वाटलं. तेव्हा जवळच्या एका नागरिकानं सांगितलं की ते दिएगोच्या लांडग्यांचं निशाण नाही, माद्रिदच्या नगरफौजेचं अस्वलाचं आहे. पळताहेत ते सामान्य लोक, सरदार नव्हेत. किस्सा खरा असो वा रचलेला, धुरळ्यात लढाई वाचायची ती निशाणांवरूनच, हे त्यातून कळतं. अस्वल की लांडगा, एवढ्या फरकावर राजाचा धीर टिकायचा किंवा सुटायचा.

मग राजाची फळी पुढे निघाली आणि निशाण अल्मोहाद खलिफाच्या साखळदंडांच्या कोटापर्यंत पोचलं. आल्वारोनं घोडा उडवून साखळ्या ओलांडल्या, ही परंपरेची गोष्ट. ती तेवढ्यापुरतीच घ्यावी. भक्कम पुरावा वेगळा आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राजानं आल्वारोला कास्त्रोवेर्दे हे गाव इनाम दिलं, आणि सनदेत कारण म्हणून त्या लढाईत त्यानं धरलेल्या निशाणाचा उल्लेख केला. (बुर्गोसजवळच्या लास उएल्गासच्या मठात 'लास नावासचं निशाण' म्हणून जे सुंदर वस्त्र दाखवतात, त्याचा आल्वारोशी संबंध नाही. ते अल्मोहाद कारागिरीचं आहे, आणि ते त्या लढाईतलं असण्याबद्दलही अभ्यासकांना शंका आहे.)

मोकळी झालेली जागा

1214 च्या शरद ऋतूत तीन मृत्यू झाले. आधी दिएगो लोपेस दे आरो गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आल्फोन्सो आठवा गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस राणी लेओनोर गेली. गादीवर आला दहा वर्षांचा एन्रिके, आणि पालक झाली त्याची थोरली बहीण बेरेंगेला. ती लेओनच्या आल्फोन्सो नवव्याची बायको होती, पण नातं जवळचं म्हणून पोपनं ते लग्न मोडलं होतं. त्या लग्नातून तिला फेर्नांदो नावाचा मुलगा होता.

या तीन मृत्यूंमध्ये आल्वारोच्या दृष्टीनं पहिला सगळ्यात महत्त्वाचा, असं मला वाटतं. लारांच्या तोडीचा एकच माणूस होता आणि तो राजाच्या आधीच गेला. त्याचा मुलगा लोपे दियास अजून वडिलांच्या वजनाचा नव्हता. राजानं आयुष्यभर सांभाळलेला तोल राजाच्या बरोबरच संपला.

शिवाय लारा घराण्याला ही वाट पाठ होती. आल्वारोचा बाप नून्यो पेरेस दे लारा हा आल्फोन्सो सातव्याचा आल्फेरेस होता. 1158 मध्ये आल्फोन्सो आठवा तिसरं वर्षही पुरं न झालेला राजा झाला, तेव्हा त्याच्या ताब्यासाठी लारा आणि कास्त्रो घराणी एकमेकांच्या उरावर बसली. नून्योचा भाऊ मान्रिके पालक झाला. 1164 मध्ये तो कास्त्रोंशी लढताना पडला आणि पालकत्व नून्योकडे आलं. 1169 मध्ये राजा वयात आला. नून्यो त्याचा विश्वासू सरदार म्हणून राहिला आणि 1177 मध्ये कुएन्काच्या वेढ्यात मेला. म्हणजे आधी निशाण, मग पोरका राजा, मग सन्मानाचा शेवट. आल्वारोनं बापाचाच कित्ता गिरवायला घेतला होता.

सुरुवात सोपी झाली. मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालेन्सियाच्या गार्सिया लोरेन्सो नावाच्या सरदाराला ताब्लादा गावाचं आमिष दाखवून फोडण्यात आलं, असं रादा लिहितो. बेरेंगेलानं पालकत्व आल्वारोकडे सोडलं, पण त्याच्याकडून शपथ घेऊन. तिच्या संमतीशिवाय कोणाची जहागीर काढायची नाही, कोणाला द्यायची नाही, शेजारच्या राजांशी युद्ध करायचं नाही, नवे कर बसवायचे नाहीत. आल्वारोनं ही शपथ आर्चबिशप रादाच्या हातावर घेतली.

अटी चांगल्या होत्या. पण त्या मोडल्या तर आवरणारा कोण? बड्या सरदारांवर राजाचा हुकूम चालवणारा हात म्हणजे आल्फेरेस, आणि तो हात तर त्याचाच. त्यानं विरोधकांच्या जमिनी काढल्या. चर्चच्या बांधकामासाठी राखलेला दशांशाचा वाटा उचलला. तोलेदोच्या डीननं त्याला बहिष्कृत केलं तेव्हा माघार घ्यावी लागली. एन्रिकेचं लग्न पोर्तुगालच्या माफाल्दाशी लावलं. पोप इनोसंट तिसऱ्यानं नात्याच्या कारणावरून ते रद्द केलं. बेरेंगेला औतियोला निघून गेली, गोन्सालो रोद्रिगेस हिरोनच्या आश्रयाला. हा हिरोन वर्षानुवर्षं मायोर्दोमो होता. त्याचंही पद गेलं. सनदेच्या कड्यातली दोन्ही नावं आता एकाच गटाची झाली.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, की हे सगळं आपल्यापर्यंत पोचतं ते विरुद्ध बाजूच्या लेखणीतून. रादा हा ज्याच्या हातावर शपथ घेतली तोच आर्चबिशप. कास्तीलच्या राजांची लॅटिन बखर लिहिणारा बहुधा पुढच्या राजाचा चान्सेलर. तुईचा लुकास याचा इतिहास तर बेरेंगेलाच्याच सांगण्यावरून लिहिलेला. राणीच्या नावानं खोटं पत्र रचून तिच्यावर भावाला विष घालण्याच्या कटाचा आळ घेतला आणि तिच्या माणसाला माकेदाला फासावर दिलं, अशीही कथा आहे. निरोप्याला मारलं असेल. पत्राबद्दल मी शपथ घेणार नाही. लारांच्या बाजूनं लिहिणारा एकही बखरकार उरलेला नाही.

मोंतेआलेग्रे

1217 च्या वसंतात आल्वारोनं विरोधकांवर मोहीम काढली आणि मुलाला बरोबर घेतलं. मोंतेआलेग्रेचा किल्ला सुएरो तेयेसच्या ताब्यात होता. तो झुंजू शकला असता, मदतीला येणारेही जवळ होते. पण समोर राजा आहे म्हटल्यावर त्यानं किल्ला दिला, असं रादा सांगतो.

मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. मोंतेआलेग्रेची दारं आल्वारोला कोणी उघडली नाहीत. निशाणालाही नाहीत. निशाणाखाली राजा होता, आणि त्या तेरा वर्षांच्या मुलावर हत्यार उचलणं म्हणजे द्रोह ठरला असता. नून्योचंही बळ हेच होतं. बापाच्या आणि मुलाच्या डावात फरक एकच: आल्फोन्सो आठवा वाढला, वयात आला आणि सांभाळणाऱ्याला मान देऊन मोकळा झाला. एन्रिके वाढला नाही.

मोहिमेनंतर काही आठवड्यांतच पालेन्सियाच्या वाड्यात ते कौल पडलं.

एका उन्हाळ्यात

तारिएगोच्या गढीत प्रेत ठेवून आल्वारोनं वेळ काढायचा प्रयत्न केला. राजा जिवंत आहे असं जितके दिवस भासेल तितके दिवस निशाणाला अर्थ. पण बेरेंगेलाला खबर लागली. तिनं लोपे दियास दे आरो आणि हिरोनला लेओनच्या राजाकडे तोरोला पाठवलं. मृत्यूचा चकार शब्द न काढता ते फेर्नांदोला घेऊन आले. बापाला पत्ता लागेतो मुलगा कास्तीलमध्ये होता.

पालेन्सियाचा बिशप तेयो त्यांच्या बाजूनं उभा राहिला. दुएन्यासजवळ बोलणी झाली तेव्हा आल्वारोनं एकच मागणी ठेवली: फेर्नांदोचं पालकत्व. त्याला दुसरं काही मागताच येत नव्हतं. फेर्नांदो तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होता, आई जिवंत होती, हुशार होती. मागणी फेटाळली गेली. जुलैच्या सुरुवातीला वायादोलिदला वेशीबाहेरच्या मैदानात बेरेंगेलाला राणी म्हणून मान्यता मिळाली, आणि तिनं तिथल्या तिथे गादी मुलाला दिली. बुर्गोस आणि पालेन्सियाच्या बिशपांनी तारिएगोहून एन्रिकेचं शव आणलं आणि लास उएल्गासला पुरलं.

लेओनचा आल्फोन्सो नववा फौज घेऊन आत घुसला, लारा बंधूंनी त्याच्याशी संधान बांधलं, पण शहरं फिरली नाहीत. सप्टेंबरमध्ये एरेराजवळ आल्वारो थोड्या लोकांनिशी गावाबाहेर रेंगाळला होता. राजाच्या फौजेला तो जुमानत नव्हता, असं रादाचं म्हणणं. त्याला तिथेच पकडलं. पकडणाऱ्यांत तेयेस बंधू होते; त्यांतला सुएरो म्हणजे मोंतेआलेग्रेचा किल्ला सोडून देणारा तोच. काही महिन्यांपूर्वी त्याच्यासमोर राजा होता. आता फक्त आल्वारो होता.

सुटकेची किंमत किल्ल्यांत ठरली: आमाया, तारिएगो, सेरेसो, बियाफ्रांका, बेलोरादोचा बुरूज, पांकोर्बो, नाहेरा, आलार्कोन, कान्येते. ही यादी पाहिली की कळतं, पालकत्वाच्या दोन वर्षांत काय काय हाताखाली आलं होतं. सुटल्यावर त्यानं पुन्हा बंड केलं, लेओनच्या आसऱ्याला गेला, आजारी पडला, सांतियागो या लष्करी धर्मसंघाचा झगा अंगावर घेतला आणि 1218 मध्ये मेला. उक्लेसला पुरायला नेण्याचा खर्च आणि शवावर घालायचं जरीचं वस्त्र बेरेंगेलानं दिलं, असं बखर सांगते. तिच्या बाजूच्या लेखकांना ही गोष्ट सांगायला आवडली असणार, हे उघड आहे. थोरला भाऊ फेर्नांदो माराकेशला अल्मोहादांकडे गेला आणि तिथेच वारला. धाकटा गोन्सालोही मुसलमानी मुलखात मेला.

निशाण कोणाकडे गेलं

फेर्नांदो तिसऱ्याच्या सनदांच्या कड्यात मायोर्दोमो म्हणून हिरोन परत आला आणि आल्फेरेस झाला लोपे दियास दे आरो, आल्वारोचा मेहुणा. 1236 मध्ये मरेपर्यंत पद त्याच्याकडे राहिलं. नंतर ते त्याच्या मुलाकडे, दिएगो लोपेस तिसऱ्याकडे गेलं. तोही राजाशी बिघाड करून बसला, पण समोर वयात आलेला, कोर्दोबा जिंकलेला राजा होता; बंड लवकर मिटलं.

पुढच्या पिढीत आल्फोन्सो दहाव्यानं वेगळं पाऊल टाकलं. निशाणदारानं पोरक्यांचा कैवार घ्यावा असा कायदा ज्याच्या दरबारात लिहिला गेला, त्याच राजानं 1258 पासून ते पद आरोंना दिलं नाही आणि लारांनाही दिलं नाही. निशाण त्यानं आपला सख्खा धाकटा भाऊ मानुएल याच्या हाती दिलं, आणि ते जवळजवळ वीस वर्षं तिथेच राहिलं. 1382 मध्ये हुआन पहिल्यानं कोंदेस्ताब्ले हे नवं पद काढलं आणि फौजेची कमान तिकडे गेली. आल्फेरेसकडे मिरवणुकीतलं निशाण तेवढं उरलं.